शब्दाला गिऱ्हाईक

अपरिचित शब्द सापडल्याचा आनंद हा मराठी माणसाच्या ज्ञात आनंदांपैकी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपद्रवी आनंद मानावा लागतो. कारण तो मिळवायला छदामही लागत नाही, पण एकदा मिळाला की दुसऱ्या कोणाला तरी सांगितल्याखेरीज मिळवणाऱ्याला घास गोड लागत नाही, आणि ज्याला सांगितला जातो त्याच्या पुढ्यातला चहा गार होतो. या अवस्थेत सापडलेल्या व्यक्तीस प्रस्तुत लेखात 'शब्दवेडा' असे म्हटले आहे. पुस्तके साठवणाऱ्याला निदान कपाट लागते, जुनी नाणी जमवणाऱ्याला पैसे लागतात. शब्दवेड्याला लागतो तो फक्त कान, आणि तोही दुसऱ्याचा.

नगर जिल्ह्यात या वेडाची लागण होण्यास भूगोलच पुरेसा आहे. पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरातली भातखाचरे, मध्ये प्रवरा-मुळेच्या पाटाखालचा ऊस आणि पूर्वेला व दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जतकडची ज्वारीची कोरडवाहू रानं असा हा पसारा असून, प्रत्येक पिकाने आपापली शब्दसंपत्ती वेगळी राखली आहे. त्यावर 1490 पासूनच्या निजामशाहीने फारसीचा हात फिरवला. लोणी खुर्द आणि लोणी बुद्रुक या जोडनावांतला 'खुर्द' म्हणजे लहान आणि 'बुद्रुक' म्हणजे 'बुजुर्ग', अर्थात मोठा, हे कळल्या दिवशी शब्दवेडा प्रत्येक गावाच्या पाटीपुढे थांबतो आणि सोबतच्यांना उन्हात उभे करतो. धाकट्या खुर्दाची वस्ती उद्या थोरल्या बुद्रुकाच्या पुढे गेली, तरी नाव धाकटेपणाचेच राहते, हा त्याचा आवडता सिद्धान्त. खुद्द जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तेव्हा एस.टी.च्या कंडक्टरांचे मात्र काहीच अडले नाही. ते पूर्वीही 'नगर, नगर' असेच ओरडत होते.

या प्रांतातला सर्वांत मानाचा शब्द नेवाशाला उभा आहे, आणि तो अक्षरशः उभा आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे, त्याला 'पैसाचा खांब' म्हणतात. 'पैस' म्हणजे विस्तीर्ण, मोकळे, अघळपघळ. परंतु नाव प्रथमच ऐकणाऱ्याचा समज वेगळा होतो आणि तो दानपेटी शोधू लागतो. अशा वेळी शब्दवेड्याचे व्याकरण जागे होते. 'पैसा' या शब्दाचे सामान्यरूप, म्हणजे विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दात होणारा बदल, 'पैशा-' असे असल्याने पैशाचा खांब 'पैशाचा' झाला असता. 'पैसाचा' असे म्हटले जाते त्याअर्थी मूळ शब्द 'पैस' हाच होय, असे तो सप्रमाण सिद्ध करतो. ऐकणाऱ्याला हे पटते, तथापि खिशात गेलेला हात मोकळा बाहेर काढणे बरे दिसत नाही म्हणून तो नाणे टाकतोच. दुर्गा भागवतांनी आपल्या ललितलेखसंग्रहाला 'पैस' हेच नाव दिले, 1971 चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्या पुस्तकाला मिळाला, आणि नेवाशाच्या एका खांबापाशी थबकलेला शब्द घरोघरच्या वाचकांपर्यंत गेला. गंमत अशी, की त्या वाचकांपैकी प्रत्येकाच्या तोंडी तो आधीपासून होताच. 'ऐसपैस' बसताना त्यांनी कधी अर्ध्या शब्दाची चौकशी केली नव्हती, इतकेच.

नव्या शब्दाचा शोध म्हणजे बहुधा दुसऱ्याच्या घरातली रोजची वस्तू पाहून केलेला आरडाओरडा असतो, आणि याचे 'वाफसा' या शब्दाइतके चोख उदाहरण दुसरे नाही. पावसानंतर किंवा पाणी दिल्यानंतर जमीन आधी चिखल असते आणि पुढे ढेकूळ होते. या दोहोंच्या मधली जी अवस्था, जिच्यात मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही नांदतात, मुळांना श्वास घेता येतो आणि पाभरीला माती चिकटत नाही, ती अवस्था म्हणजे वाफसा. जे सांगायला येथे एवढे लांबलचक वाक्य खर्ची पडले, ते शेतकरी तीन अक्षरांत सांगतो. तपासण्याची रीतही तशीच आटोपशीर आहे: वीतभर खालची माती मुठीत घ्यायची, दाबून लाडू करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडून द्यायचा. लाडू वळलाच नाही तर रान सुकले. वळला आणि पडूनही तसाच राहिला तर घरी जाऊन आणखी दोन दिवस वाट पाहायची. पडून फुटला तर वाफसा आला. 1968 मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्थांच्या शिफारशींतही 'वाफसा आल्यावर पेरणी करावी' असेच वाक्य असते, आणि पर्यायी पारिभाषिक शब्द घडवण्याची गरज कोणा समितीला भासलेली दिसत नाही, ही मराठीवर झालेली कृपाच समजली पाहिजे. मात्र शब्दवेड्यांत 'वाफसा' खरा की 'वापसा' यावर दोन तट पडले असून, एक तट त्यात 'वाफ' पाहतो आणि दुसरा त्याला लोकव्युत्पत्ती, म्हणजे ऐकीव साम्यावरून लोकांनी बसवलेली उपपत्ती, म्हणून हिणवतो. हा वाद रंगात आला असताना पेरणीचा दिवस निघून जातो. वाद घालणाऱ्यांपैकी कोणाच्याही नावावर सातबारा नसल्यामुळे नुकसान होत नाही.

काही शब्दांची वस्तू गेली आणि शब्द मागे राहिला. विहिरीवर मोट चालत असे तेव्हा बैल ज्या उतारावरून मागे-पुढे करत ती 'धाव', मोटेचा जाड दोर तो 'नाडा', तिच्या सोंडेला बांधलेली बारीक दोरी ती 'सोंदूर', आणि वर आलेली मोट जेथे भडाभडा रिकामी होई ते दगडी कुंड म्हणजे 'थारोळे'. इंजिने आणि विजेचे पंप आले तसे हे चारही शब्द निवृत्त झाले. त्यांतल्या थारोळ्याला तेवढी वर्तमानपत्रांत नोकरी लागली, पण कशी, तर फक्त रक्ताच्या खात्यात. आजचा वाचक थारोळ्यात पाणी कधीच पाहत नाही. गुन्हेवार्तेत कोणीतरी 'रक्ताच्या थारोळ्यात' पडल्याशिवाय त्याची या शब्दाशी गाठ पडत नाही. ज्या कुंडातून पाणी पाटाने शांतपणे वांग्या-मिरच्यांकडे जात होते, त्याची अशी बदनामी व्हावी, याचे शब्दवेड्याला मनापासून दुःख होते आणि ते तो नेमके लग्नाच्या पंगतीत व्यक्त करतो.

उलट साखर कारखान्याने जुन्या शब्दांना नवी घरे दिली. 1950 मध्ये लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना सुरू झाला. कारखान्यात ज्या वाहक यंत्रावर ऊस टाकतात त्याला लोकांनी बिनदिक्कत 'गव्हाण' म्हटले. गव्हाण म्हणजे गोठ्यात गुरांची वैरण ज्यात घालतात ते लांबट कुंड. त्यामुळे दरवर्षी गळीत हंगामाच्या आरंभी 'गव्हाणीत मोळी टाकून' उद्घाटन होते, तेव्हा कोट्यवधींचे यंत्र म्हणजे एक न तृप्त होणारा बैल आहे, ही कबुली मान्यवरांच्या हस्ते दिली जाते. याच धंद्यातला 'कोयता' हा शब्द मात्र हसता हसता थांबवणारा आहे. ऊसतोडीच्या हिशेबात कोयता म्हणजे हत्यार नव्हे, तर नवरा आणि बायको मिळून एक मजूर-जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एकटा आलेला माणूस 'अर्धा कोयता' ठरतो. पाथर्डी-शेवगावकडून दिवाळीच्या सुमारास अशा जोड्या निघतात. लग्नसंस्थेची इतकी नेमकी आणि इतकी निर्दय व्याख्या कोणत्याही कोशकाराला सुचलेली नाही. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात विभागांत निघाला. त्यात एका शब्दासाठी शिरलेला मनुष्य वाटेत चाळीस शब्द उचलतो, मूळचा पाहायचाच राहून जातो, आणि तरीही या व्याख्येच्या तोडीचे काही हाती लागत नाही.

शब्द हाती असून ऐकणारा नसणे ही या वेडातील सर्वांत बिकट स्थिती होय, आणि तिचेही उदाहरण नगरातच घडले. भुईकोट किल्ल्यात 1942 पासून स्थानबद्ध असलेल्या मौलाना आझादांनी मित्राला उद्देशून उर्दू पत्रे लिहिली. ती टपालात टाकण्याची सोय नव्हती, म्हणून ती तशीच साठत गेली आणि पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने पुस्तकरूपाने आली. 'खातिर' म्हणजे मन, 'गुबार' म्हणजे धूळ. मराठी माणूस ज्या 'खातरजमा' शब्दाने रेशन दुकानातले वजन तपासतो, त्यातली 'खातर' हीच. मौलानांना पत्रे पोचण्याची खातरजमा करता आली नाही, हा श्लेष शब्दवेड्याला सुचतो, आणि तो किल्ल्याच्या खंदकाशी उभा राहून कोणी ओळखीचे येते का ते पाहू लागतो.

कोणी न आल्यास तो माळीवाड्यावरून पाथर्डीची एस.टी. पकडतो, खिडकीशेजारच्या धोतरवाल्या बाबांना 'वाफसा' शब्दाचे सौंदर्य समजावून सांगतो, आणि बाबा सगळे ऐकून घेऊन, "मंग त्यात काय, यंदा आलाच नाय," एवढेच म्हणतात. नंतर विषय बदलावा म्हणून, पोरगा सकाळीच कडबा पाचुंद्यावर देऊन मोकळा झाला, अशी घरगुती तक्रार ते सांगू लागतात. शब्दवेडा ताठ होतो, पाचुंदा म्हणजे काय म्हणून विचारतो, आणि एवढा शिकलेला माणूस असा कसा, अशा नजरेने त्याच्याकडे पाहत बाबा एका हाताची पाच बोटे त्याच्या नाकासमोर धरतात: पाच पेंढ्या. करंजीच्या घाटात गाडी वळणे घेत असते, पेन सीटखाली गडगडलेले असते, आणि शब्दवेडा दोन्ही पायांच्या मधून वाकून ते शोधत असतो.