शून्याचे वीस टक्के

‘नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा’ हे वाक्य ज्याला पाठ नाही, तो नंदुरबार जिल्ह्याचा रहिवासी नव्हे. श्रावणात हतनूरच्या ४१ दरवाजांपैकी काही उघडतात, तिकडून निरोप निघतो, मग सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी बॅरेजची दारं एकामागून एक वर जातात आणि आमच्या मोबाईलवर विसर्गाचे आकडे येऊन आदळतात. गुरंढोरं नदीपात्रात नेऊ नयेत. मोटारी काढून घ्याव्यात. पुलावर गर्दी करू नये. हा निरोप आला की अर्धा तालुका पुलावर गर्दी करतो, कारण वाहती तापी बघायला मिळण्याचे वर्षातले एवढेच चार दिवस.

पाणी सोडणं म्हणजे काय, याबद्दल आमच्या डोक्यात त्यामुळे कसलाही गोंधळ नाही. धरणाला जे पेलवत नाही, ते नदीला द्यायचं. लग्नघरी पंगती उठल्यावर उरलेलं वाढून देतात, तसं. त्यात नदीनेही कधी तक्रार केलेली नाही.

म्हणून जगात काही ठिकाणी पाणी मुद्दाम, ठरवून, पूर नसताना, धरण भरलेलं नसताना आणि शेतकऱ्याने मागितलेलं नसताना निव्वळ नदीसाठी सोडतात असं वाचलं, तेव्हा मी ते आमच्या आप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. आप्पा आयुष्यभर पाटकरी होते. कुणाच्या बांधावर किती वेळ पाणी द्यायचं आणि कुणाच्या बांधावर आधी चहा प्यायचा, याचं शास्त्र त्यांना तोंडपाठ. ते म्हणाले, “भाऊ, नदीनं पानी नदीले देवाले अर्ज कोन करी?”

प्रश्न खात्याच्या शिस्तीला धरून होता. अर्ज नाही, पाणीपट्टी नाही, पाणीवापर संस्थेचं सभासदत्व नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, आणि वर बारमाही पाणी पाहिजे. अशा लाभधारकाला कोणता शाखा अभियंता उभा करील?

ऑस्ट्रेलियाने करून पाहिलं आहे. तिथल्या मरे-डार्लिंग खोऱ्यात शेतीसाठी इतकं पाणी उचललं गेलं की नद्या अडखळू लागल्या आणि पाणथळींत पक्ष्यांची वीण थांबू लागली. तेव्हा २००७ च्या कायद्याने एक सरकारी अधिकारीच नेमला गेला. त्याचं काम, नदीच्या वतीने पाणी राखणं. सरकार शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क पैसे देऊन विकत घेतं, आणि हा गृहस्थ ते पाणी जंगलांत, दलदलींत आणि पक्ष्यांच्या घरट्यांखाली सोडतो. शेतकऱ्यांनी तिकडे त्याविरुद्ध आरडाओरडा केला, तो अजून चालू आहे. म्हणजे अगदीच परका देश नाही. असा अधिकारी आपल्याकडे नेमला तर अडचण एकच येईल. राज्यभरातल्या नावडत्या अधिकाऱ्यांना शिक्षा म्हणून नंदुरबारला पाठवतात. आम्हाला तो नावडता झाला तर कुठे पाठवायचा?

अमेरिका आणि मेक्सिकोने २०१४ च्या मार्चमध्ये कोलोरॅडो नदीत मोरेलोस बंधाऱ्यावरून असंच पाणी सोडलं. वर्षानुवर्षं समुद्राचं तोंड न पाहिलेली नदी मे महिन्यात समुद्राला जाऊन भिडली. वाटेतल्या गावातले लोक कोरड्या पात्रात खुर्च्या मांडून पाण्याची वाट बघत बसले होते, पाणी आल्यावर त्यात नाचले. खुर्च्या आमच्याकडेही मांडता येतील, पण पहिल्या रांगेत कोण बसणार, यावरून पाणी दोन आठवडे लांबणीवर पडेल.

आपण कायद्यात मागे आहोत असा गैरसमज मात्र नको. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीत नदीच्या पर्यावरणासाठी प्रवाहाचा काही भाग राखून ठेवावा असं स्वच्छ लिहिलं आहे. २०१८ मध्ये गंगेसाठी अधिसूचनाच निघाली: उगमापासून हरिद्वारपर्यंत हिवाळ्यात प्रवाहाच्या २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के पाणी वाहतं ठेवायचं. गंगेचं बरं आहे, तिला दिल्लीत ओळखी आहेत. बाकीच्या नद्यांसाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये राज्यांना सांगितलं की कोरड्या हंगामात नदीचा जो सरासरी प्रवाह असतो, त्याच्या किमान १५ ते २० टक्के पाणी पात्रात ठेवा.

आता आमच्या गोमाईचं उदाहरण घेऊ. ती सातपुड्यातून उतरते, शहाद्याच्या कडेने जाते आणि प्रकाशाला तापीला मिळते. निदान नकाशात तरी मिळते. उन्हाळ्यात शहाद्याच्या पुलावरून खाली पाहिलं तर वाळू, जिथे वाळूही नेलेली आहे तिथे खड्डे, आणि शहराचं सांडपाणी. दोन्ही काठांवर ऊस, केळी, पपई हिरवीगार उभी. नदीचं पाणी जमिनीखालून बोअरवेलच्या वाटेने पपईत जाऊन राहिलेलं. कोरड्या हंगामातला गोमाईचा सरासरी प्रवाह किती? शून्य. त्याच्या २० टक्के किती? आप्पांनी बोटं न मोजताच उत्तर दिलं. लवादाच्या आदेशाचं शंभर टक्के पालन करणारी नदी आमच्या जिल्ह्यातून वाहते, म्हणजे वाहत नाही, आणि एकाही वर्तमानपत्राने याची दखल घेतलेली नाही.

काही चिकित्सक अभ्यासक म्हणतात की सरासरी आजची धरायची नसते. वर किती अडवलं, किती उपसलं, ते सगळं परत मिळवून मूळची नदी कागदावर उभी करायची आणि टक्केवारी तिची काढायची. हे लोक धोकादायक आहेत. आप्पांना लहानपणी गोमाईत पोहल्याचं आठवतं. अशा आठवणी हिशेबात धरल्या तर उद्या पपईचा भाव कोण देणार?

त्यांचं आणखी एक म्हणणं असं की नुसतं पाणी सोडून भागत नाही. कधी सोडता, कसं चढवता, कसं उतरवता, याला महत्त्व. मिरगाच्या पहिल्या गढूळ लोंढ्याने माशांना अंडी घालायची वेळ कळते, पात्रातली घाण निघते, काठच्या जांभळा-उंबरांची मुळं भिजतात. मग पाणी हळूहळू ओसरलं पाहिजे, म्हणजे डबक्यांतली पिल्लं मुख्य धारेत परत येतात. आमच्या दारांना हळूहळू जमत नाही. ती एक तर बंद असतात, नाहीतर रात्री दोनला उघडतात. माशांनी अंडी घालण्यापूर्वी आपत्ती व्यवस्थापनाचा संदेश बघावा.

तापीचं प्रकरण गोमाईसारखं नाही. तिच्यात पाणी आहे, पुष्कळ आहे. मुलताईहून निघालेली ही ७२४ किलोमीटरची नदी आता वाहत नाही, जिना उतरते. हतनूर, मग शेळगाव, मग सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, पुढे उकाईचा फुगवटा, काकरापार, शेवटी सुरतचा बंधारा आणि समुद्र. मध्ये अमळनेरजवळ पाडळसे धरणाची एक पायरी कित्येक वर्षं अर्धवट आहे, तेवढ्यापुरती नदी मोकळी. प्रत्येक पायरीवर पाणी थांबतं, हिरवं होतं, जलपर्णी पांघरतं. दक्षिणकाशी प्रकाशाला केदारेश्वराच्या घाटावर पर्वणीला आलेला भाविक याच पाण्यात बुडी मारतो आणि पापासोबत कातडीही थोडी खाजवत घरी जातो.

बरं, नदीचं पाणी अडवून निदान शेतकऱ्याला दिलं म्हणावं, तर इथेच आमच्या जिल्ह्याची खरी प्रतिभा दिसते. तापीकाठच्या २२ सहकारी उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षं बंद पडलेल्या. बॅरेज बांधली, पाणी अडलं, फुगवटा काठाला लागला, आणि उपसायचे पंप, पाइप, वीजबिलं यांचं घोडं अडलं. दुरुस्तीला निधी मंजूर झाला, त्याच्या बातम्या आल्या, दर निवडणुकीत त्या पुन्हा आल्या. काठावरचा शेतकरी पाण्याकडे बघतो, पाणी त्याच्याकडे बघतं. शेतीसाठी नदीचा बळी गेला असं पर्यावरणवाले म्हणतात, नदीसाठी शेतीचा बळी मागतात असं शेतकरी म्हणतात. आमच्याकडे दोन्ही बळी देऊन झाले आणि पाणी शिल्लक आहे! पावसाळा तोंडावर आला की दारं उघडून ते सोडून द्यावंच लागतं. म्हणजे नदीला पाणी मिळतं, फक्त तिला ते नको असतं तेव्हा.

हे पाणी आधीच, फाल्गुन-चैत्रात, थोडं थोडं सोडलं तर? मी हा प्रश्न एका चहाच्या टपरीवर विचारून पाहिला. उत्तर एका सुरात आलं: गुजरातला जाईल!

तर ही आमच्या पाण्याच्या चर्चेतली शेवटची ओळ. प्रकाशाच्या खाली गुजरातची उकाई आहे. १९७२ पासून आहे, आणि तिचा फुगवटा नवापूर तालुक्यात येऊन टेकलेला आहे. तेव्हा तापीत वाहणारा प्रत्येक थेंब हा गुजरातने चोरलेला थेंब असतो. साचून सडला तर तो महाराष्ट्राचा. या हिशेबात नदी फक्त चोरीची वाट म्हणून येते. प्रकाशा ते उकाईच्या फुगवट्यापर्यंत जो पट्टा उन्हाळ्यात उघडा पडतो, तिथले मासे, तिथले भोई आणि भिल्ल मासेमार, पूर्वी वाळूत लावल्या जायच्या त्या टरबुजाच्या वाड्या, हे सगळे नंदुरबार जिल्ह्यातच येतात, हे सांगायला गेलो तर टपरीवाल्याने चहाचे पैसे आधी मागितले.

गुजरातचं नाव निघालंच आहे तर सातपुड्याच्या पलीकडे डोकावू. नर्मदेच्या १९७९ च्या निवाड्यात २८ दशलक्ष एकर-फुटांपैकी महाराष्ट्राला मिळाले ०.२५, म्हणजे १०.८९ टीएमसी. अक्कलकुवा आणि अक्राणीची ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली, मणिबेली सगळ्यांत आधी. विजेचा २७ टक्के वाटा आपला. आणि पाणी? ते बोगद्यातून तापीच्या खोऱ्यात आणायच्या चर्चा आमच्या पिढीने इतक्या ऐकल्या की कानात ओल आली. वर डोंगरातल्या पाड्यांवर बायका हंडा घेऊन झरा शोधतात, खाली अथांग पाणी, त्यावर तरंगता दवाखाना. धरणाखाली नदीसाठी ६०० क्युसेक सोडण्याची मूळची तरतूद, त्यात भरूचपर्यंतच्या नर्मदेचं भागेना. समुद्राचं खारं पाणी वर चढलं, हिलसा पकडणारे कोळी बसून राहिले. २०१९ च्या १७ सप्टेंबरला धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं, तेव्हा पंतप्रधानांच्या वाढदिवशी केवडियाला नर्मदेचा महोत्सव झाला. २०२३ च्या सप्टेंबरात त्याच धरणातून १८ लाख क्युसेकच्या आसपास पाणी एकदम सोडावं लागलं आणि भरूच बुडालं. सहाशे किंवा अठरा लाख. मधला आकडा सापडत नाही.

आपलं राज्यही पाणी सोडण्यात कच्चं नाही. मराठवाड्यासाठी नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं, १५ ऑक्टोबरला तिथे किती साठा आहे ते बघून, असं गणित राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये घालून दिलं. सोडताना नदीकाठची वीज तोडतात, कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, पोलीस उभे राहतात. सगळा बंदोबस्त कशासाठी? गोदावरीने वाटेत एक घोटही घेऊ नये म्हणून. घेतलाच, तर तो हिशेबात वहनव्यय म्हणून तुटीत मांडतात.

पाणथळींच्या बाबतीत तर धोरण आणखी सोपं आहे. महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, नांदूर मधमेश्वर, २०२० मध्ये जाहीर झालं. काय केलं होतं आपण त्यासाठी? गेल्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला आणि मग तो गाळाने भरू दिला. चिखल झाला, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले. या न्यायाने आमच्या जिल्ह्यातली सगळी धरणं जागतिक दर्जाच्या वाटेवर आहेत, कारण गाळ काढायच्या कामात आम्ही गाळाला कधीच घाई केलेली नाही.

तरीही मी एक अगदी छोटा प्रस्ताव केला. प्रकाशाच्या बॅरेजमधून मार्च ते मे एखादं दार वीतभर उघडं ठेवायचं. पंप सुरू होतील तेव्हा शेतकऱ्याचा वाटा शेतकऱ्याला, पण तोवर जे नुसतंच उन्हात आटतं आहे, त्यातलं थोडं नदीला. जूनमध्ये दारं एकदम न उचलता पायरीपायरीने उचलायची, भोंगा वाजवून, दिवसाउजेडी. एवढंच. याला ना ऑस्ट्रेलियाचा कायदा लागतो ना अमेरिकेच्या खुर्च्या.

आप्पांनी हे ऐकून बराच वेळ तंबाखू मळली. मग दाराकडे बघून आवाज खाली आणत म्हणाले, “सोडाले हरकत नही, भाऊ. पन रातले सोडा. आनि उकाईवालास्ले सांगू नका.”