हनुवटी खाली, हात वर

बॉक्सिंगच्या क्लासला गेलं की लगेच कुणाला तरी ठोसा लगावता येतो, हा समज चपलांबरोबर दाराबाहेरच काढून ठेवावा. तिथं आधी शिकवतात ते उभं राहायला. रेशनपासून पासपोर्टपर्यंत सगळ्या रांगांत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला पंचविशीतला पोरगा सांगतो, "काका, तुम्हाला उभं राहता येत नाही!"

उजव्या हाताच्या माणसाचा डावा पाय पुढे, उजवा मागे, मागची टाच जराशी उचललेली, गुडघे सैल, अंग तिरकं. हनुवटी खाली, मुठी गालाशी, कोपरं बरगड्यांशी. या पवित्र्यातला फोटो मी मोठ्या हौसेनं घरी दाखवला. बायको म्हणाली, "दाढ दुखतेय का?"

मग ठोसे. जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. त्यानं कुणी आडवा होत नाही. अंतराचा अंदाज येतो आणि समोरच्याला स्वस्थता लाभत नाही. क्रॉस मागच्या हाताचा. त्याची ताकद दंडात नसून मागच्या पायाच्या चवड्यात असते. चवडा वळतो, मग कंबर, मग खांदा आणि सगळ्यात शेवटी मूठ पोचते. माझी कंबर वळली; परत यायला मात्र तिनं वेळ घेतला. वाकड्या कोपरानं बाजूनं येणारा हूक आणि खालून हनुवटीकडे जाणारा अपरकट, हे दोघंही कंबरेच्याच भरवशावर असल्यानं त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

पण सर दिवसभर ओरडतात ते वेगळंच : "हात परत!" ठोसा गेला त्याच वाटेनं मूठ तडक गालाशी आली पाहिजे. आपण काय पराक्रम केला ते बघत राहिला, तो मार खाणार. आमच्या सोसायटीच्या सभेत हे कुणालाच ठाऊक नाही. जिन्यातल्या दिव्यांवरून एखादा जोरदार टोला हाणतो आणि टाळ्यांसाठी थांबतो; तेवढ्यात खजिनदार त्याची थकबाकी वाचून दाखवतात.

फेरी तीन मिनिटांची, मधे एक मिनिट विश्रांती. 1867 च्या क्वीन्सबेरी नियमांपासून हा हिशेब चालत आलाय. नियम करणाऱ्यांनी ती तीन मिनिटं स्वतः काढली असतील, असं वाटत नाही. दम संपल्यावर मी दोरांना टेकलो आणि 1974 साली किन्शासात फोरमनशी लढताना मुहम्मद अलीही असाच टेकला होता, हे सरांच्या कानावर घातलं. सर म्हणाले, "काका, अली टेकला तेव्हा फोरमन दमत होता. आठव्या फेरीत आडवा झाला तो फोरमन. इथं दोघांची कामं तुम्ही एकटेच करताय."

शॅडो बॉक्सिंगमध्ये मात्र आपण पटाईत ठरणार, याची मला खात्री होती. समोर कुणी नसताना लढायचं! बाथरूममध्ये साहेबांशी मी वर्षानुवर्षं हेच करतोय. पण सरांनी तिथंही अडवलं. "नुसतं मारताय काय? तोही मारतोय असं धरा. डोकं हलवा, खाली वाका, बाजूला सरका."

आमचे साहेब बाथरूममध्ये आजवर एक अक्षर उलट बोलले नव्हते. सरांच्या सांगण्यावरून हल्ली मी त्यांना बोलू देतो. माणूस मुद्द्याचं बोलतो. अजून एकही फेरी मला जिंकता आलेली नाही.