उजेडवाले नाना

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत तळमजल्यावर नानांचं वन रूम किचन आहे. खिडकीसमोर हातभरावर पलीकडची इमारत, त्यामुळे भर दुपारीही तांदूळ निवडायला ट्यूब लागते. पण नानांसमोर अंधाराचं नाव काढायची सोय नाही. "अंधार नाहीये हो, उजेड अडलाय!" तो सोडवायला ते निवृत्त झाल्यापासून हात धुऊन मागे लागलेत.

खिशात मेजरिंग टेप, भाजीच्या पिशवीत शेडकार्ड. हस्तिदंती, मोतिया आणि मलई यांतला फरक ते इतक्या बारकाईने समजावतात, की लेकीसाठी स्थळं बघतानाही एवढी चौकशी केली नव्हती, असं काकूंचं म्हणणं.

आधी फॉल्स सिलिंग झालं. नऊ फुटांची उंची साडेआठवर आली. मग घर ठेंगणं दिसतं म्हणून उभ्या पट्ट्यांचा वॉलपेपर. त्यावर 6500 केल्विनचे पांढरेफेक दिवे. त्या महिन्यात भिशीला आलेल्या एकीने दारातच विचारलं, "कितवा नंबर चालू आहे?" नाना दुसऱ्याच दिवशी 3000 चे पिवळे दिवे घेऊन आले. त्यात तो निवडून निवडून आणलेला मोतिया सरळ पिवळा दिसायला लागला. पुन्हा शेडकार्ड.

खिडकीसमोर छतापासून लादीपर्यंत आरसा लावला, तो तसा शास्त्राला धरूनच. आत आलेला उजेड परततो, खोली दुप्पट वाटते. पण खिडकीतून दिसतो तो समोरचा सांडपाण्याचा पाइप. "आधी एक होता, आता दोन," काकू म्हणाल्या आणि पडदा ओढून मोकळ्या झाल्या.

खरी मेख खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये आहे. तिथे बंद पडलेला कूलर, घडीची शिडी, रद्दी आणि आजवरच्या प्रत्येक रंगकामातून उरलेले डबे छातीइतके रचलेत. ते काढा म्हटलं की नाना दुखावतात. "असू दे, टचअपला लागतात."

परवा आमच्याकडे चहाला आले. बशी हातात, नजर भिंतीवर. उठून बोटांच्या पेरांनी टकटक केली, कान लावला.

"चार इंची दिसते. पाडलीत तर हॉल काय खुलेल!"

"नाना, पलीकडे शेजाऱ्यांचा हॉल आहे."

नानांनी उरलेला चहा संपवला.

"मग त्यांचाही खुलेल की!"