साक्कोट्टैतला शरद: शिक्षकांसाठी सूचना

साक्कोट्टै हे कुंभकोणमला लागून असलेले, भातखाचरांचे गाव. येथील प्राथमिक शाळेत शरद ऋतूचे उपक्रम राबवू इच्छिणाऱ्या मराठी शिक्षकाने सर्वप्रथम खिडकीबाहेर पाहावे. इंग्रजी पुस्तकातल्या शरदात पाने पिवळी होऊन गळतात, मराठी निबंधातल्या शरदात आकाश निरभ्र असते. येथे ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस येतो. पाने गळत नाहीत, छप्पर गळते. तेव्हा ‘पाने गोळा करून वहीत चिकटवा’ हा उपक्रम रद्द समजावा. गोळा केलीच तर ती केळीची निघतात आणि वहीत मावत नाहीत.

भोपळा कोरण्याचा परदेशी कार्यक्रम कोणी सुचवल्यास तोही नम्रपणे टाळावा. या मुलखात कोहळा कोरत नाहीत. आयुधपूजेला त्याला कुंकू फासून भररस्त्यात फोडतात, म्हणजे दृष्ट उतरते. त्या फोडींवरून स्कूटर घसरते तेव्हा नेमकी कोणाची दृष्ट उतरली, हे विज्ञानाच्या तासाला घ्यावे.

भोंडला बसवण्याची हौस असल्यास पाटावर हत्ती जरा जपूनच काढावा. कुंभकोणमच्या आदि कुंभेश्वराच्या देवळात खरीखुरी हत्तीण पाहिलेली ही मुले. सोंड कुठून सुरू होते यावर ती तुमची परीक्षा घेतील. फेर धरायला मात्र लगेच तयार होतात. खिरापत ओळखण्याचा खेळ येथे चालत नाही, कारण नवरात्रात घरोघरी कोलूच्या बाहुल्या मांडतात आणि तेथे मिळणाऱ्या प्रसादाचे उत्तर बहुधा एकच असते: सुंडल. आज हरभऱ्याचे, उद्या वाटाण्याचे, परवा चवळीचे. शाळा सुटल्यानंतरचा सर्वांत शिस्तबद्ध उपक्रम हाच. कोणत्या घरी कोणत्या दिवशी काय, याचे वेळापत्रक तिसरीतल्या मुलींना तोंडपाठ असते. ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे. शुद्धलेखन, वार आणि कडधान्ये एकाच तासात उरकतात. असा समन्वय प्रशिक्षण शिबिरातसुद्धा साधलेला मी पाहिलेला नाही.

सरस्वतीपूजेला पुस्तके देवीपुढे ठेवतात, म्हणून त्या दिवशी अभ्यास करणे हा धर्मलोप होतो. अशी शास्त्रशुद्ध सबब आपल्याकडच्या मुलांना अजून सापडलेली नाही, आणि ती त्यांना कळवू नये. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, नवी पोरे तांदळात बोटाने पहिले अक्षर गिरवतात. तेथे आपली पाटीवरची एकाच्या आकड्यांची सरस्वती अवश्य काढून दाखवावी. फार भाव खाऊ नये.

गोष्टीच्या तासासाठी पुण्याहून पार्सल मागवण्यापूर्वी शेजारच्या तंजावरची आठवण ठेवावी. सरफोजीराजांच्या छापखान्यात 1806 साली ‘बालबोध मुक्तावली’ हे मुलांसाठीचे मराठी पुस्तक छापून निघाले. इसापच्याच गोष्टी, पण राजाने त्या मराठी करून घेतल्या. परदेशी माल आणायचाच, तर असा आणावा. शरद ऋतूचे मात्र आपण खोके न उघडताच वाटप करतो.

संध्याकाळच्या वर्गांचे म्हणाल, तर 2021 च्या ऑक्टोबरात तमिळनाडू सरकारने ‘इल्लम तेडि कल्वि’ ही योजना आणली. कोविडात बुडालेला अभ्यास भरून काढायला गावातलेच स्वयंसेवक पाच ते सातच्या दरम्यान वस्तीतच मुलांना शिकवू लागले. ऐन पावसाळ्यात शाळाच घराकडे पाठवायची, ही कल्पना मुलांच्या दृष्टीने कपटी होती. पण घरी बसून भिजण्याची सबब सांगता येत नाही, हे खरे.

एवढे सगळे आखून झाल्यावर तक्ता पेन्सिलीने लिहावा. रात्री पाऊस वाढला की मुले प्रार्थनेला बसतात, आणि पहाटे ‘पाऊससुट्टी’ची बातमी येते. त्या सुट्टीबाबत मुख्याध्यापकांशी वाद घालू नये. ती जिल्हाधिकारी जाहीर करतात.