कार्यालयीन बोटांचे हिवाळी व्यवस्थापन (बडनेरा व परिसरासाठी)

बडनेऱ्याच्या सरकारी कचेरीत थंडी आल्याची पहिली वर्दी हवामान खाते देत नाही, दारातले हजेरीचे यंत्र देते. डिसेंबरातल्या सकाळी पावणेदहाला कर्मचारी अंगठा टेकवतो आणि यंत्र ओळखच दाखवत नाही. थंडीने कातडी कोरडी पडली की अंगठ्याच्या रेषा नीट उमटत नाहीत. अशा वेळी यंत्राशी हुज्जत घालू नये. अंगठ्यावर तोंडाची वाफ सोडावी, तीनपर्यंत मोजावे आणि पुन्हा टेकवावा. हा उपाय फुकट आहे, शिवाय त्यासाठी टिपणी सादर करावी लागत नाही.

आता टेबलापर्यंत पोचलेल्या कर्मचाऱ्याविषयी. त्याची अडचण मुळात बांधकामाची आहे. वऱ्हाडातली कचेरी मे महिन्याच्या 45 अंशांना घाबरून बांधलेली असते. उंच छत, जाड भिंती, डोक्यावर पंखा आणि खिडकीत कूलर. हिवाळ्यात कूलर कोणी काढत नाही, फक्त त्यातले पाणी काढतात. मग उत्तरेकडचा वारा सातपुडा ओलांडून कूलरच्या जाळीतून थेट कनिष्ठ लिपिकाच्या मनगटावर येतो. मे महिन्यात ज्या टेबलासाठी वशिले लागतात, ते जानेवारीत नव्या माणसाला सन्मानाने दिले जाते. त्याने कूलरच्या पाठीमागे जुना फ्लेक्स बांधावा. कापडातून वारा शिरतो, फ्लेक्समधून नाही. फ्लेक्स कोणत्या पक्षाचा, याला महत्त्व नाही. नेत्याचा चेहरा मात्र बाहेरच्या बाजूला ठेवावा, नाहीतर दिवसभर हात जोडून हसणाऱ्या माणसासमोर काम करावे लागते.

पंख्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण प्रत्येक कचेरीत जानेवारीतही पंखा लावणारा एक इसम असतोच.

“काऊन भाऊ, थंडीत पंखा काऊन लावला?”

“मच्छर चावून राह्यले ना बावा.”

यावर वाद घालून उपयोग नाही. मच्छर अगरबत्ती कचेरीच्या खर्चात बसते का, ते लेखा शाखेला विचारावे आणि उत्तर येईपर्यंत हिवाळा काढावा.

बोटेच आधी का गारठतात, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे उपाय कळणार नाहीत. थंडी वाजली की शरीर काळीज, यकृत अशा मोठ्या साहेबांची ऊब आधी राखते आणि बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेते. काटकसरीची सुरुवात शेवटच्या टेबलापासून व्हावी, हा नियम इथेही आहे. त्यामुळे नुसते हातमोजे घालून भागत नाही. मोजे ऊब तयार करत नाहीत, असलेली राखतात. आधी स्वेटर, मफलर, पायमोजे. दुसरी गोष्ट, बोटे हलवणारे बरेचसे स्नायू बोटांत नसतात, कोपराखालच्या हातात असतात. म्हणून बाह्या सरसावून कामाला लागण्याचा सल्ला उन्हाळ्यापुरता मानावा. कॅनडाचा विख्यात पियानोवादक ग्लेन गूल्ड वादनाआधी हात कोपरापर्यंत गरम पाण्यात बुडवून बसायचा. बडनेऱ्याच्या कचेरीत गरम म्हणावे असे एकच द्रव्य येते, तेही कागदी कपात घोटभर. त्यात कोपर मावत नाही.

कॉर्नेल विद्यापीठाच्या ॲलन हेज यांनी 2004 मध्ये एका विमा कंपनीच्या कचेरीत पाहणी केली. तापमान 20 अंशांवरून 25 वर नेले तेव्हा टंकलेखनातल्या चुका 44 टक्क्यांनी घटल्या. आपल्याकडे लिपिक-टंकलेखक व्हायला मराठीत मिनिटाला 30 शब्दांचा वेग लागतो. सकाळी सातच्या बॅचला टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बसणाऱ्या पोरांनी ही आकडेवारी सरांना जरूर दाखवावी. नऊची बॅच मिळेलच असे नाही, पण चुकांना शास्त्रीय आधार मिळतो.

उरलेली साधने जागच्या जागी सापडतात. टेबलावरची काच लाकडापेक्षा लवकर ऊब ओढून घेते, तेव्हा मनगटाखाली एखादी जाडजूड प्रलंबित फाईल ठेवावी. फाईल हिवाळाभर हलणार नाही, याची खात्री असतेच. झेरॉक्स यंत्रातून नुकताच निघालेला कागद गरम असतो, कारण आतला तापलेला रूळ शाईची भुकटी वितळवून कागदाला चिकटवतो. म्हणून प्रती तीन मागवाव्यात आणि त्या दोन्ही हातांनी, आदराने स्वीकाराव्यात. गरम सांबारवडी हाताला छान लागते, पण नंतर कीबोर्डचे काय होते ते विचारू नये. विदर्भातला लाडका उपाय म्हणजे पन्नीत खर्रा घोटणे. घोटताना तळहात तापतात हे खरे. पण तोंडात गेलेल्या तंबाखूतले निकोटीन रक्तवाहिन्या आवळते, म्हणजे हातांनी कमावलेले तोंडाने गमावले. कर्करोगाचा हिशेब वेगळाच.

एका बाबतीत मात्र गंमत नको. शेकोटी फाटकाबाहेर, चौकीदाराच्या पऱ्हाट्यांची, तीच बरी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि माणसे झोपेतच जातात. काश्मिरी लोक फिरनच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचे भांडे, बाळगतात, पण तिच्या धगीने कातडीला होणाऱ्या कर्करोगाची नोंद एल्मस्ली या डॉक्टरने 1866 मध्येच केली होती. आणि थंडीत कुणाची बोटे आधी पांढरीफटक, मग निळी, मग लाल पडत असतील, तर त्याने हा लेख बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. त्या त्रासाला रेनॉ या फ्रेंच डॉक्टरचे नाव आहे.

हे सारे फार तर दुपारी बारापर्यंत लागते. वऱ्हाडातला हिवाळा अर्धवेळ कामावर असतो. पहाटे 10 अंशांच्या आसपास असलेला पारा दुपारी 28-30 वर जातो. मग अख्खी कचेरी आधी व्हरांड्यातल्या उन्हात, नंतर चहाच्या टपरीवर सरकते. स्वेटर मात्र सोबत नेऊ नये. तो खुर्चीच्या पाठीवर, खांदे नीट बसवून अडकवावा. खेड्यावरून आलेल्या अर्जदाराला शेजारच्या टेबलावरून सांगता येते, “स्वेटर हाये ना खुर्चीवर, म्हणजे साहेब इथंच हायेत. बसा.”