दात बघून घेतलेली जिप्सी

नांदेडात जुनी गाडी विकायला काढली की पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देती?" दुसरा, "गॅस किट बसतंय का?" आणि तिसरा, "मागं किती माणसं बसतील?" माझ्याकडे तिन्हींची उत्तरं होती, पण एकही गिऱ्हाइकासमोर उच्चारण्यासारखं नव्हतं. लिटरला आठ, तेही उतार लागला आणि वारा पाठीशी असला तर. गॅसची टाकी ठेवायच्या जागी पेट्रोलचीच दुसरी टाकी. आणि मागं माणसं नाहीत, मागं नळ्या आहेत.

नळ्या म्हणजे रोल केज. गाडी कोलांटी खाऊन पडली तर टपासकट आतल्यांचा चेंदामेंदा होऊ नये म्हणून बसवलेला पोलादी पिंजरा. गाडी १९९७ ची मारुती जिप्सी किंग. जिप्सी १९८५ मध्ये बाजारात आली ती ९७० सीसीचं इंजिन घेऊन. तेराशे सीसीची किंग आली १९९६ ला. लष्करानं ती घेतली, पोलिसांनी घेतली, वनखात्यानं घेतली आणि रॅलीवाल्यांनी तर डोक्यावर घेतली. 'रेड द हिमालया' १९९९ मध्ये सुरू झाली तेव्हापासून स्पितीच्या दगडधोंड्यांत काय किंवा राजस्थानच्या वाळूत काय, जिप्सीशिवाय पान हलत नसे. माझी जिप्सी पुण्यातल्या एका हौशी माणसानं पार उघडी करून रॅलीसाठी नव्यानं बांधलेली. एसी नाही, टेप नाही, मागची सीट नाही. चारी चाकांना दोन-दोन शॉकॲब्सॉर्बर, इंजिनखाली जाड पत्र्याचं कवच, पुढं दोन बकेट सीट. नेव्हिगेटरला रात्री रोडबुक वाचता यावं म्हणून लवचिक मानेचा एक इवलासा दिवा. लाइट गेलेली असताना आमच्या हिनं त्याच्या उजेडात तूरडाळ निवडली, तेवढाच त्या गाडीचा संसाराला हातभार.

शिवाय बॉनेटच्या कडेला बाहेरून ओढायची एक कडी होती. ओढली की इंजिन जागच्या जागी बंद. अपघात झाल्यावर बाहेरच्या माणसाला वीज तोडता यावी म्हणून ही सोय. गल्लीतल्या पोरांना तिचा शोध लागल्यापासून माझी गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत पोचली तर त्या दिवशी शाळा असायची.

विकायला काढण्याचं कारण सरकारी होतं. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पुढं दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, वर पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून एकदम पाच हजारांवर गेली आणि माझी मुदत नेमकी त्याच साली आली. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा भाचा म्हणाला, "मामा, विकू नका, व्हिंटेजमध्ये नोंदवा." चौकशी केली. २०२१ च्या नियमानं व्हिंटेज म्हणवून घ्यायला गाडी किमान पन्नास वर्षांची लागते. म्हणजे आणखी पंचवीस वर्षं कळ काढली असती तर वीस हजार भरून 'व्हीए' अक्षरांची नवी पाटी मिळाली असती. ती लावायला मी असतो की नाही, हा प्रश्न भाच्याला पडला नाही.

किमतीच्या बाबतीतही त्यानंच घोळ घातला. त्यानं लान्चिया स्ट्रॅटोसचे फोटो दाखवले. इटलीची, पाचर मारल्यासारखी दिसणारी, पोटात फेरारी डिनोचं सहा सिलिंडरचं इंजिन. आधी रस्त्यावरची गाडी आणि मग तिची रॅलीची, असा जगाचा रिवाज. ही जन्मालाच रॅलीसाठी आली आणि १९७४, ७५, ७६ अशी तीन वर्षं ओळीनं जगज्जेती झाली. स्पर्धेच्या नियमासाठी पाचशेच्या आसपास गाड्या बनवायच्या होत्या, म्हणून नाइलाजानं लोकांनाही विकल्या. आज लिलावात ती कोट्यवधींना जाते. "मामा, तुमची पण रॅलीसाठीच बांधलेली ना?" भाचा म्हणाला. आता असं कुणी म्हटल्यावर माणूस दीड लाख कसा सांगणार?

पहिलं गिऱ्हाईक आलं लोह्याचं. त्यानं मागं डोकावून बघितलं आणि विचारलं, "सोयाबीनचे किती कट्टे बसतील?" पिंजऱ्याच्या नळ्या कापून टाकल्या तर आठ-दहा, असा हिशेब त्याचा त्यानंच केला. मी चहा पाजून त्याची बोळवण केली.

दुसरे एक इच्छुक भाऊ. कशाला इच्छुक ते नांदेडकरांना सांगावं लागत नाही. गाडी त्यांना बघताक्षणी पसंत पडली. टप काढायचा, मध्ये उभं राहायचं, एका हातानं रोल केज धरायचा आणि दुसरा हात जनतेला. इतर उमेदवार उघड्या जीपमधून जाताना धक्क्यासरशी कार्यकर्त्याच्या अंगावर पडतात, इथं धरायला दोन इंची पोलादी दांडा! "निवडणूक लागली की रोख देतो," असा शब्द देऊन गेले. त्यानंतर नांदेड-वाघाळा महापालिकेत प्रशासक बसला आणि निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. थांबलो असतो तर गाडी आणि भाऊ, दोघंही गंजले असते.

मग लातूरहून फोन आला. एका क्लासवाल्या सरांना गाडी बघायची होती. नांदेडहून निघून लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर असं लातूर गाठायचं. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग झालाय. पूर्वी या रस्त्यावर प्रत्येक एसटी ही रॅलीच खेळत असे. सोबत ही होती, नेव्हिगेटरच्या सीटवर, कारण दुसरी सीटच नव्हती. महामार्गावर काही अडलं नाही. अडलं ते गंजगोलाईत. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात. हिनं मांडीवर वही घेऊन, "अहो, आता डावीकडं," म्हणेपर्यंत डावीकडचे चार रस्ते मागं पडलेले असत. मधल्या जगदंबेच्या देवळाला आमच्या अनायासे पुष्कळ प्रदक्षिणा झाल्या.

सरांना गाडी चालवायची नव्हतीच. क्लासच्या फाटकाशी लोखंडी उतारावर तिरकी उभी करायची, पुढची दोन चाकं हवेत, आणि अंगभर नीटमध्ये चमकलेल्या पोरांचे फोटो. "वेग दिसला पाहिजे," ते म्हणाले. मी विचारलं, "आणि पिंजरा?" "तो राहू द्या, पालकांना बरं वाटतं." पैशांऐवजी त्यांनी माझ्या मुलाची दोन वर्षांची फी माफ करायची तयारी दाखवली. मुलगा तेव्हा बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला मराठी घेऊन बसलेला. व्यवहार तिथंच बारगळला.

परतताना गोलाईजवळ चहाला थांबलो. चहा निम्मा होतो तोच दिसलं, की धोतर-टोपीतले एक म्हातारबा गाडीभोवती फिरताहेत. मागून सुरुवात करून. हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात हयात गेलेला माणूस, हे मागून कळलं. त्यांनी आधी मागच्या चाकाशी बसकण मारली, पाट्यांवरून अंगठा फिरवला, पानं मोजली, मग दुसऱ्या शॉकॲब्सॉर्बरवर टिचकी मारली.

"हे दुहेरी कशाला हो, पाहुणे?"

"उडी मारून खाली आदळते ना, म्हणून."

"म्हंजी पळवल्याली हाय." ते उठले. "वय किती?"

"पंचवीस."

"ते दातावरून कळलंच. पळालीय कुठं ते सांगा."

आजवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी खुललो. रॅलीत सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत, रस्ता बंद करून एकेक सोडतात, मग सेकंदावर हिशेब, असं हातवारे करून सांगू लागलो. त्यांनी मध्येच हात वर केला. "म्हंजी एकटीच सुटती, घड्याळाशी? मग आमचा शंकरपटच की हो."

पुढं बोलणं दोन्ही बाजूंनी सुरू झालं. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा त्यांच्या दावणीला ऐन भरातली एक देवणी जोडी होती. डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टानं परवानगी दिली तोवर सात वर्षं उलटलेली. "पळायचं बंद, खाणं चालू," ते म्हणाले. पळणाऱ्या जनावराला नुसतं बांधून ठेवणं काय असतं, ते माझ्या गाडीकडे बघत सांगत होते आणि ही माझ्याकडे बघत होती.

मीही मागं हटलो नाही. पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय घरातला शेखर मेहता सफारी रॅली पाच वेळा जिंकला, हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "पाचही खेपंला गाडी तीच का?" म्हटलं, "१९७३ ला डॅटसन २४० झेड, आणि १९७९ ते ८२ ओळीनं चार वर्षं व्हायलेट." थोडा विचार करून म्हणाले, "मग हाकणारा चांगला हुता." मोटारींवरच्या मासिकांतून याहून नेमकं परीक्षण माझ्या वाचनात आलेलं नाही.

मग चक्कर. रॅलीच्या सीटला पाच पट्टे असतात: दोन खांद्यावरून, दोन कमरेवरून आणि पाचवा खालून, दोन पायांच्या मधून वर येतो. हा पाचवा पट्टा बनवणाऱ्यांनी धोतर नावाच्या वस्त्राचा विचार केलेला नाही. म्हातारबांनी सोगा सोडला, पट्टा आधी आत घेतला, मग बाहेर घेतला, शेवटी धोतर आणि पट्टा यांची एकच गाठ पडली. हॉटेलातलं एक पोरगं धावत आलं आणि दोघांना सोडवून गेलं. चार पट्ट्यांवर भागवून आम्ही औसा रोडला फेरी मारली. एक गतिरोधक मी मुद्दामच न थांबता घेतला. ते काही बोलले नाहीत, फक्त टोपी सारखी केली.

परत आल्यावर त्यांनी खांद्यावरचं उपरणं माझ्या हातावर टाकलं आणि खाली माझी बोटं धरली. बैलबाजारात भाव असा बोटांनी ठरतो, बघ्यांना कळू नये म्हणून. इथं मलाही कळत नव्हता. त्यांनी तीन बोटं दाबली, सोडली, मग अंगठ्याशी काही केलं. मी भिडेखातर त्यांची दोन दाबली. "लई ताणू नका," ते म्हणाले. मी आणखी एक दाबलं. "जमलं!" चहावाल्यानं विचारलं, "केवढ्याला?" मी गूढ हसलो. भाव मला त्यांनी नोटा मोजल्या तेव्हा कळला, आणि मनात धरल्यापेक्षा तो बराच वरचा निघाला.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना त्यांची एकच तक्रार होती. शिंगं, रंग, भोवरा, कसलीच खूण लिहायला जागा नाही. चासीचा नंबर दाखवला तेव्हा एकेक आकडा बोटानं चाचपून पाहिला आणि मगच अंगठ्याशेजारी सही केली.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. माझ्या पोटात गोळा आला. विकलेल्या गाडीच्या मालकाचा फोन कधी शुभ नसतो.

"पाहुणे, गाडी झक्कास हाय. खाती लई, पर पळती."

"मग?"

"मग काय, एकटीला करमंना. अशीच एखादी बघा की. जोडी लावायची हाय."