ग्रुप पाहावा शोधून

हवामानबदलावर चार लोकांशी बोलावेसे वाटणे हा काही गुन्हा नाही. मात्र ही इच्छा हातात मोबाइल असताना झाली, तर पुढील मार्गदर्शन वाचून मगच पाऊल टाकावे. घर बांधून पाहावे आणि लग्न करून पाहावे, एवढे पूर्वज सांगून गेले. ग्रुपबद्दल ते काही बोलले नाहीत, कारण त्या काळी चर्चेला किती माणसे बसणार हे पाराच्या घेरावरून ठरत असे. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात आता १०२४ माणसे मावतात आणि उन्हाळ्याबद्दल प्रत्येकाचे ठाम मत असते. त्यात आपल्या भाषेची एक गंमत आहे. 'हवामान' हा एकच शब्द आज दुपारच्या ढगालाही चालतो आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही. त्यामुळे 'हवामानबदल' म्हटले की निम्म्या सभासदांना सर्दी-पडसे आठवते आणि आले-गवती चहाच्या काढ्याची कृती येऊन पडते. ती जपून ठेवावी, पुढेमागे उपयोगी पडते. पण तिला चर्चा समजू नये.

ग्रुपांची वर्गवारी करायला पंचांगाची पद्धत सोयीची आहे. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेले असते; तसे ते ग्रुपांनाही द्यावे. वाहन बेडूक असेल तर एकाने 'पृथ्वी संपली' म्हणताच चहूबाजूंनी तोच सूर लागतो आणि पहाटेपर्यंत थांबत नाही. वाहन म्हैस असेल तर 'आमच्या लहानपणीही असेच ऊन होते' हे विधान रस्त्याच्या मधोमध बसते. हॉर्न वाजवून उपयोग नसतो. वाहन मोर असेल तर दर ५ जूनला रोपासकट फोटो येतात. ६ जूनला रोपाचे काय झाले हे विचारणे असभ्य मानले जाते. वाहन कोल्हा असेल तर या सगळ्यामागे कोणाचा हात आहे हे तिथे आधीच ठाऊक असते, पुरावा तेवढा यायचा राहिलेला असतो. नवशिका इच्छुक इथेच फसतो. ज्या ग्रुपाचे मत आपल्या मताशी जुळते, तो चांगला असे तो धरून चालतो. पण योग्य निष्कर्षाला बेडूकसुद्धा पोचू शकतो, निव्वळ ओरडून. म्हणून ग्रुपाची पारख त्याच्या मतावरून करू नये. तिथे चुकीची गोष्ट पडली तर तिचे पुढे काय होते, ते पाहावे.

त्यासाठी एक साधी चाचणी आहे. ग्रुपात शिरल्यावर वर्षभर नुसते वाचावे आणि कोणालाही नमस्कार करण्यापूर्वी शोधपट्टीत 'चुक' एवढी दोनच अक्षरे टाकावीत. बहुतेक ठिकाणी 'चुकून इथे पडलं, सॉरी', 'चुकवू नये असे काही' आणि 'चुकूनही हे फळ रात्री खाऊ नका' असे निकाल येतात. ते मोजणीत धरू नयेत. आपल्याला हवा असतो तो या धाटणीचा संदेश: 'काल मी जिल्ह्याचा म्हणून टाकलेला पाऊस एकाच केंद्राचा होता. माझं चुकलं.' वर्षभरात असा एक जरी सापडला, तरी ग्रुप सोडू नये. असे तीन सापडले, तर ॲडमिनच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करावी.

एवढी एकच कसोटी कशाला, असे कोणी म्हणेल. याचे कारण पावसातच आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा भरला नाही. त्या दिवशी ग्रुप असते, तर सांताक्रूझशेजारच्या कलिन्याच्या माणसाने 'प्रलय' लिहिले असते, कुलाब्याच्या माणसाने 'एवढं काय त्यात' लिहिले असते आणि दोघांनीही शपथेवर खरेच सांगितले असते. डोळ्यांनी पाहिलेले खोटे नसते, अपुरे असते. ते पुरे करायला 'कुठे मोजला, किती वेळात मोजला' हे विचारणारा तिसरा माणूस लागतो. तोच प्रश्न वर्षानुवर्षांच्या नोंदींना विचारला की वेगळे चित्र दिसते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि तेही मोसमी वारे एकंदरीत क्षीण होत असताना. म्हणजे 'पाऊस कमी झाला' म्हणणारा आणि 'पाऊस वाढला' म्हणणारा हे दोघे एकाच बदलाची दोन टोके धरून भांडत असतात. आपल्या हातात एक टोकच आहे, हे दोघांपैकी एकाने तरी मान्य करेपर्यंत भांडण मिटत नाही.

आता पहिला आक्षेप. कोल्हा वाहनाच्या ग्रुपातून हमखास विचारले जाते, की शास्त्रज्ञ तरी कुठे बरोबर असतात? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मोठ्याने द्यावे: नसतात. पुणेकर ज्या परिसराला अजून सिमला ऑफिस म्हणतात, तिथल्या हवामान खात्याने २००२ साली देशात सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज दिला होता. पडला ८१ टक्के आणि देशभर दुष्काळ झाला. आंतरसरकारी हवामानबदल समितीच्या (आयपीसीसी) २००७ च्या अहवालात तर हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता छापली गेली होती, आणि त्याला धड आधार नव्हता. पण या दोन्ही चुकांचे पुढे काय झाले? खात्याने अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस हे दोन्ही आकडे प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी अंदाजाची पद्धत बदलली. समितीने जानेवारी २०१० मध्ये जाहीरपणे खेद व्यक्त केला. ज्यांच्या चुका आपण ठणकावून सांगतो, त्या त्यांनी स्वतः कबूल केल्या म्हणून सांगता येतात. उलट मागच्या मृगाचे वाहन खोटे ठरले म्हणून शुद्धिपत्र काढणारे पंचांग कोणी पाहिले आहे काय? जो कधी चुकला नाही तो बरोबरच असतो असे नव्हे. बहुधा त्याचे कोणी मोजलेले नसते.

चूक कबूल करणारे असे ग्रुप सापडतात कुठे, हा खरा प्रश्न. नावात 'वसुंधरा', 'हरित' किंवा 'बचाव' असलेल्या ठिकाणी ते असतीलच असे नाही. ते पुष्कळदा द्राक्षाच्या, डाळिंबाच्या आणि कांद्याच्या ग्रुपांत दडलेले असतात. तिथे 'हवामानबदल' हा शब्द महिनोन्महिने येत नाही. येतो तो 'रात्री दोनला अवकाळी झाली, डाऊनीची फवारणी आज घ्यावी का?' असा प्रश्न. खाली कोणी 'घ्या' म्हणतो, कोणी 'पान सुकू द्या' म्हणतो आणि तिसरा मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा टाकतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. त्यामुळे ६२ की ६८ हा वाद तिथे तत्त्वज्ञानाचा नसतो, पंचनाम्याचा असतो. चुकीच्या सल्ल्याने फवारणी वाया गेली तर सल्ला देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बांधावर तोंड दाखवायचे असते. सोसायटीच्या ग्रुपात 'पृथ्वी थंड होते आहे' असे लिहिल्याने कोणाचा एक रुपया बुडत नाही, म्हणून तो संदेश अमर असतो. चुकीची किंमत जिथे मोजावी लागते, तिथेच ती कबूल केली जाते.

यावर दुसरा आक्षेप असा, की पैशाचा प्रश्न आला की स्वार्थही येतो. भरपाई हवी असलेल्याला पाऊस जास्तच दिसणार. दिसतोच. म्हणून तर पर्जन्यमापक कोणाच्या अंगणात आणि कोणाच्या झाडाखाली बसवला यावर त्या ग्रुपांत एवढी हुज्जत चालते. ही हुज्जत कंटाळवाणी वाटली तरी सोडू नये, कारण मोजमाप तपासणे म्हणजे हेच. तिसरा आक्षेप सर्वांत जुना: बोलून काय होणार, ढग काय ग्रुप वाचतात? ढग वाचत नाहीत, पण माणसे वाचतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि यंदा कोणते पीक घ्यायचे ते त्यावरून ठरते; ऊस आणि शेतीसाठी बोअरवेल यांना गावानेच बंदी घातली. तिथली चर्चा सुरू होते ती आकड्यापासून, आणि आकडा नावडता निघाला तर बदलतो तो बेत.

एवढे करूनही योग्य ग्रुप न सापडल्यास आहे त्या ग्रुपातून बाहेर पडू नये. 'लेफ्ट' झाल्याची सूचना ॲडमिनला जाते, त्याच्याकडून ती मावशींपर्यंत पोचते आणि तिचे परिणाम हवामानबदलापेक्षा लवकर दिसतात. म्यूट करावे. तिथे आठ तास, एक आठवडा आणि कायम असे पर्याय असतात; हवामान ठरवायला लागणाऱ्या तीस वर्षांची सोय अद्याप झालेली नाही. पण म्यूट करण्याआधी शेवटचा उपाय करून पाहायला हरकत नाही. शोधपट्टीत जो संदेश सापडला नाही, तो आपणच पहिल्यांदा लिहावा. त्यासाठी आपण स्वतः पाठवलेले, चुकीचे निघालेले एखादे जुने फॉरवर्ड हुडकावे लागेल. ते सापडायला फार वर सरकावे लागत नाही.